मत्स्याक्षी : पावतीवरचे नाव आणि पोत्यातला माल



तीन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात आमच्या छोट्या फार्मसीत मत्स्याक्षी पंचांगाचे एक पोते आले. पावतीवर नाव बरोबर होते. माल कोरडा, हिरवट, बुरशीचा वास नसलेला होता. सुवर्णप्राशनासाठी लागणारे घृत सिद्ध करावयाचे होते आणि पुष्य नक्षत्र आठ दिवसांवर आले होते. एरवी असे पोते सरळ भरड करण्याच्या यंत्राकडे जात असे. त्या दिवशी वीज नव्हती, म्हणून माल सतरंजीवर पसरून आम्ही दोघे तिघे निवडत बसलो. तासाभरात सतरंजीवर चार ढीग झाले. पहिल्यात पानांच्या बगलेत चिकटून बसलेले पांढरे बारीक गेंद असलेली वनस्पती होती. दुसऱ्यात बोरूसारख्या पोकळ कांड्या आणि लांब देठावरचे मोठे गेंद, तिसऱ्यात बोटांना टोचणारी काटेरी फळे, आणि चौथ्यात काळपट पडलेला माका. पहिला ढीग सर्वांत मोठा नव्हता.

पुरवठादाराने मुद्दाम भेसळ केली असे मला वाटत नाही. त्याच्या माणसाने ओढ्याकाठी आणि वाटेवर जे सारखे दिसले ते उपटले, एवढेच. मला अस्वस्थ केले ते दुसऱ्याच गोष्टीने. त्याआधीच्या दोन वर्षांत आलेली पोती आम्ही उलगडूनही पाहिली नव्हती, आणि त्यांतून झालेले घृत लहान मुलांच्या जिभेवर गेले होते. प्रस्तुत लेख त्या सतरंजीवरून उठताना मनात आलेल्या प्रश्नांतून लिहिला आहे.

प्रजाती कोणती

मत्स्याक्षी म्हणून आज भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने स्वीकारलेली वनस्पती अल्टरनँथेरा सेसिलिस ही होय. हिचे कुळ माठाचे. आघाडा, कुरडू, तांदुळजा, राजगिरा या आपल्या परिचयाच्या वनस्पती याच कुळातील. अल्टरनँथेरा ही प्रजाती स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ पेटर फोर्स्कोल याने स्थापिली आणि त्याच्या मृत्यूनंतर, १७७५ साली, ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. फुलातील परागकोश असलेले पुंकेसर आणि वांझ पुंकेसर एकाआड एक असतात, त्यावरून हे नाव आले. प्रजातीत सुमारे शंभर जाती मानतात आणि त्यांतील बहुतेक अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशातल्या आहेत. जमिनीलगत पसरणे, पेराला मुळे फुटणे आणि बघता बघता जमिनीवर चटई अंथरल्यासारखे दिसणे हा तिच्यातील अनेक जातींचा स्वभाव आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की मूळची आपल्याकडची, ग्रंथकारांच्या पाहण्यात असू शकेल अशी जाती म्हणजे सेसिलिस. आज आपल्या रस्त्यांच्या कडेला, मैदानांत आणि नद्यांत दिसणाऱ्या या प्रजातीच्या इतर जाती बव्हंशी परकीय आहेत आणि गेल्या काही शतकांत, काही तर गेल्या काही दशकांत, इकडे आल्या आहेत. चरक, सुश्रुतांच्या काळी मत्स्याक्षी ओळखणाऱ्यास ही अडचण नव्हती. आपल्याला आहे.

नावांचा गुंता

मत्स्याक्षी म्हणजे माशाचा डोळा. पानाच्या बगलेतला चकाकणारा, वाटोळा, पांढरा गेंद पाहिला की नाव का पडले असावे ते कळते. परंतु नाव चपखल असले तरी ते एकट्या या वनस्पतीच्या मालकीचे नाही. अमरकोशात मत्स्याक्षी हा शब्द ब्राह्मीच्या पर्यायांत दिला आहे. भावप्रकाशात तो गंडदूर्वेच्या पर्यायांतही येतो, आणि त्याच ग्रंथात मत्स्याक्षी या स्वतंत्र द्रव्याचेही वर्णन आहे. म्हणजे एकाच शब्दाने तीन द्रव्ये सूचित होतात. त्यांपैकी एक मेध्य, एक तृणजातीय आणि एक माठाच्या कुळातील आहे.

यातून सुटण्याचा सर्वांना चालणारा मार्ग म्हणजे मत्स्याक्षीच्या जागी ब्राह्मी घेऊन मोकळे होणे. अनेक जण तसे करतात. मला हे पटत नाही, आणि त्याचे कारण चरकसंहितेतच आहे. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायातील करप्रचितीय पादात ऐंद्र रसायन सांगितले आहे. त्यातील घटकांत ऐंद्री, मत्स्याख्यक, ब्राह्मी, वचा, ब्रह्मसुवर्चला, पिप्पली, सुवर्ण, शंखपुष्पी अशी गणना आहे. ब्राह्मी आणि मत्स्याख्यक ही एकाच योगात शेजारी शेजारी, वेगवेगळी मोजली आहेत. निदान त्या योगापुरती तरी ती दोन भिन्न द्रव्ये मानल्याखेरीज गत्यंतर नाही. कोशकार शब्दाचा प्रचार नोंदवतो, योगकर्ता द्रव्य मोजतो. दोहोंत मतभेद झाल्यास औषध बनवणाऱ्याने योगकर्त्याच्या बाजूने उभे राहावे, असे माझे मत आहे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहाव्या अध्यायात बालकांसाठी सुवर्णयुक्त चार प्राशनयोग दिले आहेत. त्यांतील दुसऱ्यात मत्स्याक्षक, शंखपुष्पी, मध, घृत आणि सुवर्ण आहे. गेल्या वीस पंचवीस वर्षांत सुवर्णप्राशनाचा प्रचार गावोगाव झाला, पुष्य नक्षत्राला दवाखान्यांबाहेर रांगा लागू लागल्या. त्यामुळे एके काळी फारसे मागणीत नसलेले हे द्रव्य पोत्यांनी येऊ लागले. मागणी वाढली, ओळखणारे मात्र वाढले नाहीत.

लोकव्यवहारातील नावांचीही तीच गत आहे. मराठीत कांचरी किंवा काचरी हे नाव पुस्तकांत छापलेले आढळते. घरात काचरी म्हटले की आपल्याला कारल्याच्या वा बटाट्याच्या काचऱ्या आठवतात, आणि उत्तरेकडचा व्यापारी त्याच शब्दाने एका रानकाकडीचे सुकवलेले फळ पाठवतो. मागणीपत्रावर हे नाव लिहूच नये.

दक्षिणेत मात्र ही वनस्पती घरोघर माहीत आहे. तमिळमध्ये पोन्नांगण्णि, तेलुगूत पोन्नगंटि, कानडीत होनगोने सोप्पु. तमिळ लोक या नावाची फोड ‘हे खा, अंग सोन्यासारखे होईल’ अशा अर्थी करतात, आणि डोळ्यांच्या आरोग्यासाठी तिची पालेभाजी तेथे मानाची आहे. बंगालमध्ये ती शांची शाक म्हणून खातात, श्रीलंकेत मुकुणुवेन्न या नावाने ती रोजच्या जेवणात असते. मुंबईत दक्षिण भारतीय वस्तीतल्या भाजीबाजारात जुड्या मिळतात. तेथे एक सावधगिरी बाळगावी. लालसर पानांची, दिसायला देखणी जी जुडी मिळते तिला तमिळमध्ये शीमै पोन्नांगण्णि, म्हणजे विलायती पोन्नांगण्णि, म्हणतात. ती बहुधा बागेच्या कडेला लावतात त्या अल्टरनँथेरा बेट्झिकियाना या जातीची असते. भाजी म्हणून ठीक, औषधी द्रव्य म्हणून नव्हे.

ओळख फुलाफळावरून

पानावरून ही वनस्पती ओळखू नये. ओलाव्यात वाढलेल्या सेसिलिसची पाने लांब आणि रुंद, कोरड्या बांधावरच्या त्याच वनस्पतीची अरुंद व आखूड असतात. एकाच फांदीवर दोन आकार दिसतात. माझी स्वतःची फसगत अनेकदा पानांमुळेच झाली आहे. खोड, फुलांचे गेंद आणि फळ ही तीन पाहावीत.

सेसिलिसची पाने संमुख, जवळजवळ देठरहित. खोडावर केसांच्या दोन उभ्या रेषा दिसतात, पेरांवर केस अधिक असतात आणि जमिनीला टेकलेल्या पेरांतून मुळे फुटतात. फुलांचे गेंद पानाच्या बगलेत, देठाविना, एक ते चार एकत्र, साधारण ज्वारीच्या दाण्याएवढे, पांढरे आणि चकचकीत. पाकळ्यांसारखी पाच दले गुळगुळीत, टोकाला निमुळती, पण न टोचणारी. निर्णायक खूण फळाची आहे. गेंद तळहातावर चुरडून भिंगाखाली पाहिला तर चपटे, उलट्या हृदयाच्या आकाराचे, वर खाच असलेले इवलेसे फळ दिसते. दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. ते प्रत्येक फार्मसीत असावयास हवे, आणि असले तर कपाटात नव्हे तर माल उतरवण्याच्या जागी.

आमच्या दुसऱ्या ढिगातील पोकळ कांड्यांची वनस्पती अल्टरनँथेरा फिलोक्झेरॉइडिस ही होती. तिला इंग्रजीत मगरीच्या नावावरून अ‍ॅलिगेटर वीड म्हणतात. ती दक्षिण अमेरिकेतील. भारतात १९६५ साली बिहारमधील बिहटा परिसरातून तिची नोंद प्रसिद्ध झाली, आणि आज ती देशाच्या बऱ्याच भागांत जलपर्णीच्या सोबतीने नद्यानाले व्यापून आहे. हिचे गेंद सेसिलिसपेक्षा बरेच मोठे आणि स्पष्ट, लांब देठावर उभे असतात. तिच्या फुलात पाचही पुंकेसर परागकोशयुक्त असतात, सेसिलिसमध्ये बहुधा तीनच. आपल्याकडे ती बी धरत नाही, कांडीच्या तुकड्यापासून पसरते. म्हणून ज्या मालात देठ असलेले गेंद आहेत पण फळ शोधूनही सापडत नाही, तो माल परत करावा. ही वनस्पती विषारीच आहे असे मी म्हणत नाही. मणिपुरात तिची भाजी खातात. पण ऑस्ट्रेलियात ती खाल्लेल्या गुरांच्या कातडीला ऊन बाधल्याच्या नोंदी आहेत, आणि मुख्य म्हणजे ग्रंथोक्त गुण सांगितले आहेत ते हिचे नव्हेत.

तिसऱ्या ढिगातील काटेरी वनस्पती अल्टरनँथेरा पंजेन्स. ही कोरड्या जागेची. रस्त्याची कड, बसस्थानकामागची मोकळी जागा, शाळेचे मैदान अशा तुडवल्या जाणाऱ्या ठिकाणी ती घट्ट चटईसारखी पसरते. समोरासमोरच्या दोन पानांत एक मोठे आणि एक लहान असते, मूळ जाड असते, आणि फुलाची बाहेरची दले काट्यात संपतात. अनवाणी चालणाऱ्याला तिची ओळख पटवून द्यावी लागत नाही. इंग्रजीतले तिचे खाकी वीड हे नाव दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या वेळच्या खाकी गणवेशातल्या इंग्रज सैन्याशी जोडतात. ओलाव्यातली सेसिलिस आणि रखरखाटातली पंजेन्स या बहिणी दिसायला जवळच्या असल्या तरी सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करण्याची त्यांची रीतही निरनिराळी आहे. सेसिलिसची रीत गव्हाभाताची, पंजेन्सची ज्वारीउसाची.

माका मिसळला असल्यास ओल्या मालात ओळखणे सोपे. माक्याची पाने दोन्ही बाजूंनी खरखरीत असतात आणि चुरडल्यावर काळा रंग सुटतो. बाम ब्राह्मीची पाने मांसल व चवीला स्पष्ट कडू असतात, फूल एकेकटे, पांढरट निळसर असते. ही सगळी मंडळी एकाच पाणथळ बांधावर शेजारी नांदतात, त्यामुळे खुडणाऱ्याच्या मुठीत ती एकत्र येतात, हे स्वाभाविक आहे.

यावरून एक नियम आपोआप निघतो. मत्स्याक्षी तुकडे किंवा चूर्ण स्वरूपात विकत घेऊ नये. कॅल्शियम ऑक्झलेटचे गुच्छाकार स्फटिक या कुळात सर्रास आढळतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली चूर्णात ते दिसले म्हणून जाती सिद्ध होत नाही. अखंड, फुलाफळांसह वाळवलेले पंचांगच मागवावे. शंका असल्यास पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र किंवा आघारकर संशोधन संस्था येथे नमुना पाठवून ओळख पटवून घेता येते. एकदा प्रमाणित झालेला नमुना कागदावर दाबून फार्मसीत ठेवला, तर पुढचे प्रत्येक पोते त्याच्याशी ताडता येते.

जागा कोणती

ओळख पटली म्हणजे काम संपले, असे मला पूर्वी वाटे. आता वाटत नाही. या प्रजातीतील पाणथळ जाती मातीतले आणि पाण्यातले धातू शोषून घेण्यात पटाईत आहेत. दूषित पाणी शुद्ध करण्यासाठी त्यांचा उपयोग करता येईल का, याचा अभ्यास संशोधक करतात तो याच गुणामुळे. कॅडमियम, क्रोमियम, शिसे यांचे शोषण त्यांत तपासले गेले आहे. जो गुण सांडपाण्याच्या अभियंत्याला हवासा, तोच वैद्याला नकोसा. कारखान्यांच्या सांडपाण्याच्या ओढ्यावरची मत्स्याक्षी शास्त्रशुद्ध मत्स्याक्षीच असेल, तिचे फळ उलट्या हृदयाचेच असेल, आणि तरीही ती औषध म्हणून निरुपयोगी ठरेल. वाळवल्यावर वनस्पतीचे वजन घटते, धातू तेवढाच राहतो, ही साधी गोष्ट मात्रा ठरवताना आपण विसरतो.

आयुर्वेदिक फार्माकोपियाने वनस्पतिजन्य द्रव्यांसाठी घातलेल्या मर्यादा दशलक्ष भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ अशा आहेत. केवळ वनस्पतिजन्य असलेल्या निर्यातीच्या औषधांना १ जानेवारी २००६ पासून धातूंची तपासणी सक्तीची झाली. त्या सुमारास आमच्या व्यवसायात ‘हे रसौषधीवाल्यांचे झंझट, काष्ठौषधींना कशाला?’ असा सूर होता. मीही तो लावला होता. पाणथळ वनस्पतींच्या बाबतीत तो सूर चुकीचा होता, हे आता मान्य करावयास हवे. कॅडमियमची मर्यादा इतर धातूंच्या मानाने किती खाली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ओढ्याकाठच्या मालाची जोखीम कळते.

शेड्यूल टी लागू झाल्यापासून कच्च्या मालाची नोंदवही आपण ठेवतोच. तीत पुरवठादाराचे नाव असते, खुडल्याची जागा बहुधा नसते. माझ्या मते मत्स्याक्षी, ब्राह्मी, मंडूकपर्णी, माका, कमळकंद या पाणथळ द्रव्यांपुरता तरी जागेचा एक रकाना वाढवावा. पुरवठादार जागा सांगू शकत नसेल तर तोही एक निर्णयच झाला.

गुण आणि उपयोग

भावप्रकाशानुसार मत्स्याक्षी लघु, शीत, तिक्त, कषाय व मधुर रसाची, कटुविपाकी आणि ग्राही असून कुष्ठ, पित्त, कफ व रक्तविकार यांवर हितकर आहे. माझा अनुभव मुख्यतः पित्ताच्या अनुबंधाने होणाऱ्या त्वचाविकारांतील आणि मूळव्याधीच्या रक्तस्रावात पथ्य म्हणून द्यावयाच्या भाजीचा आहे. भाजी थोड्या तुपावर परतून, जिऱ्याची फोडणी देऊन द्यावी. गुण येतो तो सावकाश. मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांना ती रोज देऊ नये, कारण माठाच्या कुळातील भाज्यांत ऑक्झलेटचे प्रमाण विचारात घ्यावे लागते. ग्राही असल्याने मलावष्टंभाच्या रुग्णांतही तारतम्य ठेवावे. मेध्य म्हणून तिचा स्वतंत्र अनुभव माझ्यापाशी नाही. प्राशनयोगात ती शंखपुष्पी आणि सुवर्णासह येते, त्यामुळे एकटीचे श्रेय किती हे सांगता येत नाही.

त्या पोत्यातील पहिला ढीगही आम्ही वापरला नाही, कारण तो कुठल्या ओढ्याकाठचा ते पुरवठादाराला सांगता आले नाही. त्या पुष्याला सुश्रुतोक्त पहिल्या योगावर काम भागवले. त्यात कुष्ठ आणि वचा आहेत, मत्स्याक्षक नाही. जुन्या घृताच्या उरलेल्या बरण्याही बाजूला काढल्या. ते घृत ज्या मुलांना दिले होते त्यांच्या पालकांपैकी जे पुढे भेटले त्यांना मी हे सांगितले. एकाने विचारले, ‘मग आता काय होणार?’ बहुधा काहीच होणार नाही, पण मला ठाऊक नाही, असे उत्तर द्यावे लागले.

पुढच्या आषाढात फार्मसीच्या मागे, विहिरीच्या पाण्यावर, दहा दहा फुटांचे दोन वाफे केले. प्रमाणित नमुन्याच्या ठिकाणाहून आणलेल्या वीतभर कांड्या तिरप्या खोचल्या. आठवड्याभरात पेरांना मुळे धरली आणि श्रावणाअखेर माती दिसेनाशी झाली. कार्तिकात गेंद भरले की जमिनीपासून दोन बोटे ठेवून कापणी करतो आणि सावलीत वाळवतो. वाफ्याच्या कडेला माका आपोआप उगवतो, तो दर पंधरा दिवसांनी उपटावा लागतो. पहिल्या कापणीचा नमुना धातूंच्या तपासणीस पाठवला आणि अहवाल मर्यादेत आल्यावरच घृत सिद्ध केले. खर्च पोत्याच्या भावापेक्षा अधिक येतो, हे खरे. ज्या सभासदांना कांड्या हव्या असतील त्यांनी आषाढाच्या पहिल्या पंधरवड्यात ओले गोणपाट घेऊन यावे. कांड्या नेताना फुललेली एक फांदी आणि सोबत आपले भिंगही आणावे, म्हणजे येथेच फळ पाहून जाता येईल.